पर्वतरक्षण आणि ख्रिस्ती समुदाय : खाणींविरुद्धच्या लढ्यांचे यश आणि मर्यादा

ओरत्तनाडु (तंजावर, तामिळनाडू) : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ओरत्तनाडु तालुक्यात एकही डोंगर नाही. तरीही डोंगरांच्या संरक्षणाची चर्चा या सपाट भाताच्या मुलखापासून सुरू करावी लागते, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की येथील शेतीचे पाणी पश्चिम घाटात, कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याच्या डोंगरांत उगम पावते. दुसरे कारण अलीकडच्या एका घटनेत आहे. खाणीचे संकट कायद्याच्या आधाराने किती लवकर टळू शकते, हे या तालुक्याने अवघ्या दहा दिवसांत अनुभवले.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने मार्च २०२३ च्या अखेरीस कोळसा आणि लिग्नाइटच्या खाणपट्ट्यांच्या लिलावाची नवी फेरी जाहीर केली. त्यात तामिळनाडूतील तीन लिग्नाइट पट्टे होते : ओरत्तनाडु तालुक्यातील वडसेरी, कडलूर जिल्ह्यातील सेतियातोपू पूर्व आणि अरियालूर जिल्ह्यातील मायकेलपट्टी. शेतकरी संघटनांनी तत्काळ विरोध केला. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ४ एप्रिल रोजी पंतप्रधानांना पत्र लिहून हे पट्टे वगळण्याची मागणी केली. तत्कालीन कोळसामंत्री प्रल्हाद जोशी यांनी ८ एप्रिल रोजी तिन्ही पट्टे लिलावातून काढल्याचे जाहीर केले.

या निर्णयामागे राजकीय दबाव होता, तसा कायद्याचा आधारही होता. तामिळनाडू विधानसभेने फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायदा संमत केला. त्यानुसार तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिनम हे जिल्हे, तसेच कडलूर व पुदुकोट्टै जिल्ह्यांतील काही गट संरक्षित कृषी क्षेत्र ठरले आणि तेथे तेल, वायू व तत्सम उत्खननाच्या नव्या प्रकल्पांना मनाई झाली. वडसेरीचा लढा कोणत्याही एका धर्माचा नव्हता. तो शेतकऱ्यांचा होता आणि त्यांच्या हाती कायदा होता.

मराठी वाचकांना ओरत्तनाडु परके नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाबाईंच्या स्मरणार्थ येथे मोठे छत्र उभारले आणि गावाला मुक्तांबाळपुरम हे नाव मिळाले. या छत्रात प्रवाशांना अन्न आणि विद्यार्थ्यांना शिक्षण मिळत असे. याच सरफोजींच्या संगोपनात जर्मन लुथरन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा मोठा वाटा होता.

सपाट प्रदेशातील शेतीला जे संरक्षण लाभले, ते तिला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांना मात्र अजून लाभलेले नाही. असा कायदा नसलेल्या डोंगराळ भागांत खाणींच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांमध्ये ख्रिस्ती संस्था आणि चर्चशी जोडलेले समुदाय जगात अनेक ठिकाणी आढळतात. त्यांच्या कामाला काही ठिकाणी यश आले, काही ठिकाणी मिळालेले यश हातचे गेले, तर एका ठिकाणी चर्चच डोंगरासाठीच्या नियमांच्या विरोधात उभे राहिले. हा सारा इतिहास पश्चिम घाटासाठी उपयोगाचा आहे.

डोंगर गेला की काय जाते

खाणीने डोंगराची उंची कमी होते, हा नुकसानीचा केवळ दिसणारा भाग आहे. पूर्व घाटात बॉक्साइट डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या थरात असते. हा सच्छिद्र थर पावसाचे पाणी मुरवून घेतो आणि उन्हाळ्यातही झऱ्यांना देत राहतो. तो खरवडला की पायथ्याच्या ओढ्यांचा हंगाम बदलतो. गोव्यात एक टन लोहखनिज मिळवण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागतात. त्या टाकाऊ मातीचे ढिगारे पावसाळ्यात वाहून शेतांत, ओढ्यांत आणि नद्यांत उतरतात.

अमेरिकेतील ॲपलाचियन पर्वतराजीत कोळशासाठी वापरली जाणारी पद्धत सर्वांत टोकाची मानली जाते. तेथे स्फोटकांनी डोंगराचा माथाच उडवला जातो आणि निघालेला दगडमातीचा राडारोडा शेजारच्या दरीत ढकलला जातो. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अभ्यासानुसार १९८५ ते २००१ या काळात अशा भरावाखाली सुमारे १,१६० किलोमीटर लांबीचे ओढे गाडले गेले.

ॲपलाचिया : ज्यांचे पोट खाणीवर, त्यांच्यातच चर्च

ॲपलाचियात चर्चचे काम पर्यावरणाच्या प्रश्नातून सुरू झाले नाही. त्याची सुरुवात गरिबीच्या प्रश्नातून झाली. या प्रदेशातील २५ कॅथलिक बिशपांनी १९७५ मध्ये एक संयुक्त पत्र प्रसिद्ध केले. कोळशाने संपन्न असलेल्या भूमीतील माणसे निर्धन का राहतात, हा त्याचा विषय होता. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याच परंपरेतील दुसऱ्या पत्राने माणसांच्या शोषणाचा आणि भूमीच्या शोषणाचा संबंध जोडला.

वेस्ट व्हर्जिनियात २००५ मध्ये ‘ख्रिश्चन्स फॉर द माउंटन्स’ ही संस्था स्थापन झाली. प्रोटेस्टंट पंथांच्या गावोगावच्या मंडळींपर्यंत हा विषय नेणे, हे तिचे मुख्य काम राहिले. निसर्ग हा ईश्वराने माणसाच्या हाती सोपवलेला ठेवा आहे, त्याचा विश्वस्त या नात्याने सांभाळ करणे हे भाविकाचे कर्तव्य आहे, हा तिचा युक्तिवाद होता. बायबलच्या सृष्ट्युत्पत्तीच्या कथेत माणसाला पृथ्वीवर मिळालेल्या अधिकाराचा अर्थ उपभोगाचा परवाना असा लावणाऱ्यांना हे उत्तर होते.

अडचण वेगळीच होती. रविवारच्या प्रार्थनेला एकाच बाकावर खाणीतील यंत्रचालक आणि खाणीमुळे विहीर नासलेला शेतकरी शेजारी बसत होते. पास्टरने खाणीविरुद्ध बोलावे तर मंडळी दुभंगतात, गप्प राहावे तर अन्यायाला साथ दिल्यासारखे होते, या पेचातून अनेक चर्चना वाट काढावी लागली. अखेर केंद्र सरकारच्या पातळीवर डोंगरमाथा उडवण्यावर पूर्ण बंदी आली नाही. मात्र २०११ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने वेस्ट व्हर्जिनियातील स्प्रूस क्रमांक १ या मोठ्या खाणीच्या परवानगीवर नकाराधिकार वापरला. या बदलाचे श्रेय एकट्या चर्चचे नाही. स्थानिक रहिवासी, वकील आणि शास्त्रज्ञ यांचा त्यात मोठा वाटा होता. आपलेच शेजारी या प्रश्नाकडे नैतिक प्रश्न म्हणून पाहू लागावेत, ही कामगिरी धर्मसंस्थांची होती.

नियमगिरी : भागधारकाचा विवेक

भारतातील सर्वांत गाजलेल्या पर्वतलढ्यात ख्रिस्ती संस्थांची भूमिका पूर्णपणे निराळी होती. ओडिशातील रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवरील नियमगिरी पर्वतावर बॉक्साइटची खाण प्रस्तावित होती. पायथ्याशी लांजिगढ येथे वेदांत समूहाचा ॲल्युमिना कारखाना उभा होता. पर्वतावर राहणारे डोंगरिया कोंध आदिवासी ख्रिस्ती नाहीत. त्यांची श्रद्धा नियमराजावर आहे आणि पर्वत हेच त्याचे स्थान आहे.

लंडनच्या भांडवल बाजारात नोंदलेल्या वेदांत कंपनीचे समभाग इंग्लंडच्या चर्चकडे होते. चर्चच्या नैतिक गुंतवणूक सल्लागारांनी कंपनीशी अनेक महिने चर्चा केली. समाधान न झाल्याने फेब्रुवारी २०१० मध्ये चर्चने सुमारे ३८ लाख पौंडांचे समभाग विकले. कंपनीने स्थानिक समुदायांच्या मानवी हक्कांविषयी अपेक्षित आदर दाखवला नाही, हे त्यामागचे जाहीर कारण होते. त्याच सुमारास क्वेकर पंथाच्या परंपरेतील जोसेफ राउंट्री धर्मादाय न्यासानेही आपली गुंतवणूक काढून घेतली.

कंपनीच्या आर्थिक ताकदीपुढे ही रक्कम किरकोळ होती. मात्र ओडिशातील एका दुर्गम पर्वताचा प्रश्न त्यामुळे जागतिक गुंतवणूकदारांच्या बैठकांत पोहोचला. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनजमिनीची परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. जुलै व ऑगस्ट २०१३ मध्ये भरलेल्या सर्व १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

नियमगिरी वाचवला तो डोंगरिया कोंधांनी आणि वनहक्क कायद्याने. दूरच्या चर्चने आपल्या पैशाचा त्या खाणीशी असलेला संबंध तोडला. दुसऱ्या धर्माच्या पवित्र पर्वतासाठी एका चर्चने आर्थिक पाऊल उचलावे, ही घटना म्हणूनच दखल घेण्याजोगी ठरली.

गोवा : गावकरी, न्यायालय आणि चर्च

गोव्यातील खाणपट्ट्यांचे मूळ पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या सवलतींत आहे. १९८७ च्या कायद्याने त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत झाले. चीनची मागणी वाढल्यावर डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतील उत्खनन विक्रमी पातळीवर गेले. २०१०-११ मध्ये लोहखनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे पोहोचली. दक्षिण गोव्याला पाणी पुरवणाऱ्या साळावली धरणाच्या पाणलोट क्षेत्रातही खाणी होत्या.

गोव्याच्या आर्चडायोसिसची सामाजिक न्याय व शांतता परिषद या काळात खाणग्रस्त गावांच्या बाजूने बोलत होती. तरी गोव्याच्या लढ्याला एका धर्माचा शिक्का लावता येत नाही. वेळीप व गावडे आदिवासी, हिंदू शेतकरी आणि कॅथलिक बागायतदार एकाच ओढ्याच्या पाण्यावर जगत होते आणि एकाच ग्रामसभेत बसत होते. न्यायालयीन लढाई लढली ती गोवा फाउंडेशन या धर्मनिरपेक्ष पर्यावरण संस्थेने.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खनिजाचे उत्खनन व वाहतूक थांबवली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले. वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरपर्यंत खाणीला मनाई केली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले.

बंदीनंतर ट्रकमालक, बार्जचालक आणि खाणकामगार यांची उपजीविका बुडाली. त्यांच्यातही सर्व धर्मांचे लोक होते. पट्ट्यांचे नवे लिलाव २०२२ पासून सुरू झाले आहेत आणि खाणीच्या तोंडाशी असलेल्या गावांपुढे प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

एल साल्वाडोर आणि फिलिपिन्स : कायदा मिळवणे आणि टिकवणे

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या छोट्या देशाने २९ मार्च २०१७ रोजी धातूंच्या खाणकामावर संपूर्ण बंदी घातली. असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. त्यामागे उत्तरेकडील डोंगराळ भागातील गावांचा दशकभराचा लढा होता. कॅथलिक बिशपांनी २००७ मध्येच सोन्याच्या खाणींना विरोध जाहीर केला होता. आर्चबिशप होसे लुईस एस्कोबार आलास यांनी विधेयकाचा मसुदा घेऊन संसदेवर मोर्चा नेला. हा मसुदा तयार करण्यात जेझुइट विद्यापीठाचा सहभाग होता. देशाची पाण्याची तहान भागवणाऱ्या लेम्पा नदीला सायनाइडचा धोका नको, हा युक्तिवाद उजव्या आणि डाव्या दोन्ही पक्षांना पटला. ८४ पैकी ६९ सदस्यांनी बाजूने मतदान केले.

सात वर्षांनी चित्र पालटले. २३ डिसेंबर २०२४ रोजी नव्या बहुमताने ६० पैकी ५७ मतांनी ही बंदी उठवली. चर्चने पुन्हा मोहीम हाती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड लाख नागरिकांच्या स्वाक्षऱ्या संसदेला सादर केल्या. एकमताच्या वातावरणात झालेला कायदाही सतत राखावा लागतो, हा या घटनेचा धडा आहे.

फिलिपिन्समध्ये १९९६ साली मारिंदुके बेटावर तांब्याच्या खाणीतील गाळ फुटून बोआक नदीत गेला. दोन वर्षांनी तेथील बिशप परिषदेने १९९५ च्या खाण कायद्याविरुद्ध भूमिका घेतली. पुढे मिंदानाओ बेटावरील टाम्पाकान येथील प्रचंड तांबे व सोने प्रकल्पाला मारबेल धर्मप्रांताने सातत्याने विरोध केला. साउथ कोटाबाटो प्रांताने २०१० मध्ये उघड्या खाणींवर बंदी घातली. प्रांतिक मंडळाने २०२२ मध्ये ती उठवली, तेव्हा लोकांच्या विरोधानंतर राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ती कायम ठेवली.

त्याच वर्षी फिलिपिन्सच्या बिशपांनी आपल्याच घरात नियम लावला. विध्वंसक खाण व ऊर्जा उद्योगांच्या मालकांकडून देणग्या स्वीकारायच्या नाहीत आणि अशा उद्योगांत चर्चचा पैसा ठेवायचा नाही, असे त्यांनी जाहीर केले. खाणीविरुद्ध प्रवचन आणि खाणमालकाच्या देणगीतून घंटाघर, ही विसंगती त्यांनी मान्य केली, हे या निर्णयाचे महत्त्व होय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या पत्रात पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर मानले होते. या पत्राने अशा निर्णयांना जागतिक अधिष्ठान मिळाले.

केरळ : उलट बाजू

हा इतिहास केवळ यशोगाथा म्हणून सांगितला तर अपुरा राहील. केरळच्या पश्चिम घाटात चर्च दुसऱ्या बाजूला उभे होते. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला. त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या गटाने एप्रिल २०१३ मध्ये सौम्य शिफारशी केल्या. संवेदनशील क्षेत्रात खाणी व दगडखाणी बंद कराव्यात, हा दोन्ही अहवालांचा गाभा होता.

इडुक्की आणि तामरश्शेरी या कॅथलिक धर्मप्रांतांनी २०१३ मध्ये या शिफारशींना तीव्र विरोध केला. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या शेतकऱ्यांना घर बांधता येणार नाही, पीक बदलता येणार नाही, अखेरीस जमीन सोडावी लागेल, ही भीती त्यामागे होती. अनेकांकडे जमिनीचे पक्के पट्टे नव्हते, त्यामुळे ती भीती निराधार म्हणता येत नव्हती. या विरोधाचा फायदा दगडखाणींच्या मालकांना झाला, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. चर्चचे म्हणणे असे की विरोध खाणबंदीला नव्हता. वस्ती आणि शेतजमीन वगळावी, एवढीच मागणी होती.

केरळ आणि नियमगिरी या दोन घटनांतील फरक बोलका आहे. नियमगिरीत निर्णय ग्रामसभेने घेतला आणि पर्वतावरच्या लोकांचा हक्क कायद्याने मान्य झाला. केरळात नियम वरून आले आणि लोकांना आपला हक्क धोक्यात दिसला. श्रद्धा दोन्ही ठिकाणी होती. लोकांना जमिनीविषयी वाटणारी शाश्वती मात्र एकाच ठिकाणी होती.

पश्चिम घाटाचे प्रलंबित संरक्षण

केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा प्रसिद्ध केला. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये झालेल्या भूस्खलनात अडीचशेहून अधिक लोकांचा बळी गेला होता. या मसुद्यात सहा राज्यांतील एकूण ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर, गोव्याचे १,४६१, तामिळनाडूचे ६,९१४ आणि कावेरीचा उगम असलेल्या कर्नाटकाचे २०,६६८ चौरस किलोमीटर येते. या क्षेत्रात नव्या खाणींना बंदी आणि चालू खाणी पाच वर्षांच्या आत किंवा पट्ट्याची मुदत संपताच बंद करण्याची तरतूद आहे. पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत राज्यांच्या हरकतींमुळे एकही मसुदा अंतिम झाला नाही.

धर्मसंस्था या प्रश्नात काय देऊ शकतात, हे वरील उदाहरणांतून स्पष्ट होते. निवडणुका आणि बाजारभाव यांच्या पलीकडे टिकणारे सातत्य त्यांच्याकडे असते. गावागावांत विश्वासाची माणसे असतात. काहींकडे भांडवल असते आणि ते कोठे ठेवावे हे ठरवण्याचा अधिकारही असतो. मात्र या बळाचे रूपांतर ग्रामसभेच्या ठरावात, न्यायालयातील अर्जात, विधेयकाच्या मसुद्यात किंवा समभागांच्या विक्रीत झाले तेथेच डोंगराला काही हाती लागले. आणि डोंगरावर जगणाऱ्यांची जमीन व उपजीविका सुरक्षित राहील याची हमी नसेल, तर तेच बळ संरक्षणाच्या विरोधातही उभे राहते.

ओरत्तनाडुच्या शेतांना पाणी देणारा कल्लणै कालवा १९३४ मध्ये सुरू झाला. कावेरी आणि मेट्टूर प्रकल्पाचा तो भाग आहे. या कालव्याच्या लाभक्षेत्रात लिग्नाइटची खाण होऊ नये, याची तजवीज तामिळनाडूच्या कायद्याने केली आहे. कालव्यात येणारे पाणी ज्या डोंगरांतून निघते, त्यांच्याविषयीचा निर्णय मात्र अद्याप मसुद्यातच आहे.